पस्तीस बाय एक

गल्लीतल्या सायकलवाल्याने पान्याच्या दांड्यावर दोन फुटी पाइप चढवला, पाय रोवला आणि पायडलचा आस ज्यात फिरतो तो उजव्या बाजूचा कप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ओढला. चाळीस वर्षं तो उजवे कप याच दिशेने खोलत आला होता. आपल्याकडच्या सायकलींना त्या बाजूला उलटे आटे असतात. कप हलला नाही. त्याने आणखी जोर लावला. खट्ट आवाज झाला, पाना निसटला आणि कपाच्या ज्या सपाट कडेवर पाना बसतो ती कड सोलून निघाली. "जाम झालाय ताई, गॅसने कापावा लागेल," तो म्हणाला. मी सायकल उचलून घरी आणली.

त्या रात्री वाचता वाचता लक्षात आलं, की आम्ही तासभर तो कप खोलत नव्हतोच, आवळत होतो.

सायकल फ्रेंच आहे. प्यूजो. आमच्या घरात तिचं नाव 'पुजो' पडलं ते कायमचंच. पांढरी फ्रेम, हँडलखालच्या नळीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला छोटा सिंह. हा सिंह मुळात करवतीचा. पूर्व फ्रान्समधलं प्यूजो घराणं सायकलीच्या कितीतरी आधी करवतीची पाती आणि कॉफी दळायच्या गिरण्या बनवायचं. 'आमच्या करवतीचे दात सिंहाच्या दातांसारखे', म्हणून तो सिंह. १८८२ मध्ये त्यांनी पहिली सायकल काढली, ती उंच पुढच्या चाकाची. १९७५ आणि १९७७ मध्ये बर्नार्ड तेवेने याने टूर द फ्रान्स जिंकली ती प्यूजोवरच. आमची पुजो त्याच काळातली, पण शर्यतीची नाही. वाकडं हँडल, दहा गिअर, पोलादी रिम आणि पाचरीसारख्या कॉटर पिनने बसवलेले क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे. फ्रान्समधला साधा माणूस लांब फिरायला घेई, तशी.

मामाने ती १९७९ मध्ये घेतली. तेव्हा तो पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होता, वय अठ्ठावीस. कोरेगाव पार्कातल्या आश्रमामुळे पुण्यात परदेशी माणसांची सतत ये-जा असे. त्यातल्या एका फ्रेंच माणसाला घरी परतायचं होतं आणि सायकल बरोबर न्यायची नव्हती. साडेसातशे रुपये. आजी महिनाभर मामाशी धड बोलली नाही. आई सांगते, पहिल्या आठवड्यात मामा रात्री उठून अंगणात जायचा आणि मागचं चाक नुसतं फिरवून आवाज ऐकत बसायचा.

रविवारी पहाटे तो चिंचवडहून निघे. लोणावळा, खंडाळा, घाट उतरून खोपोली, तिथे चहा आणि पुन्हा घाट चढून दुपारच्या जेवणाला घरी. मुंबई-पुणे सायकल शर्यतीच्या दिवशी तो ठरवून घाटात एका वळणावर उभा राहायचा. घाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, त्याला बघायला. स्वतः कधी शर्यतीत उतरला नाही. कारण विचारलं तर एकच सांगायचा, "वाटेत काही तुटलं तर मिळणार कुठे?"

हा प्रश्न बारा वर्षं त्याच्या मागे होता. १९९१ मध्ये मागचा टायर फाटला आणि नवा मिळेना. आपल्या साध्या सायकलीचा अठ्ठावीस बाय दीडचा टायर बघायला तेवढाच दिसतो, पण त्याची बसायची कड ६३५ मिलिमीटर व्यासाची आणि पुजोची ६२२. तेरा मिलिमीटर. टायर रिमवर सैल बसायचा आणि हवा भरली की कडेने ट्यूब फुगून बाहेर यायची. मामाने भिंतीत दोन हुक मारले आणि सायकल टांगली. तेहतीस वर्षं ती तिथेच होती. गेल्या वर्षी त्याची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली, सामान आवरायला मी गेले होते. मामा म्हणाला, "भंगारवाल्याला बोलाव." मी म्हटलं, "मामा, ही मी नेते." तो काही बोलला नाही. जिन्यातून उतरवताना मात्र त्याने पुढचं चाक धरलं होतं, आणि त्याचा हात आता सतत थरथरतो, तरी खालच्या पायरीपर्यंत सोडलं नाही.

मी शाळेत भूगोल शिकवते. सायकलचं मला येत होतं ते एवढंच, की पंक्चर काढता येतं आणि चेन चढवता येते. त्यामुळे पहिला महिना मी फक्त आटे शिकत होते.

पायडलचा आस ज्या आडव्या नळीत फिरतो, तिला दुकानात बीबी म्हणतात. नळीच्या दोन्ही तोंडांना आतून आटे असतात, त्यात दोन कप बसतात, कपात छर्रे आणि छर्ऱ्यांवर आस. इंग्लंडने या कपांचा व्यास १.३७ इंच धरला आणि इंचाला चोवीस आटे. फ्रान्सने व्यास ३५ मिलिमीटर धरला आणि दर मिलिमीटरला एक आटा. १.३७ इंच म्हणजे ३४.८ मिलिमीटर. फरक पाव मिलिमीटरहूनही कमी. इंग्लिश कप फ्रेंच नळीत दोन आटे सहज जातो, तिसऱ्याला अडखळतो, आणि जोर केला तर नळीचे आटे खाऊन टाकतो. इटलीने ३६ मिलिमीटरचा व्यास घेतला, पण आटे मात्र इंचाला चोवीस. स्वित्झर्लंडने माप फ्रान्सचं घेतलं आणि उजव्या कपाची दिशा इंग्लंडची. माझ्या वर्गात नकाशावर या चार देशांच्या सीमा मी वर्षानुवर्षं दाखवत आले आहे. त्या सीमा एवढ्याशा लोखंडी नळीत कोरलेल्या असतील हे माहीत नव्हतं.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. पायडलचे आटे १४ बाय १.२५, इंग्लिश ९/१६ इंच. हँडलचा दांडा २२ मिलिमीटर, इंग्लिश २२.२. कॉटर पिन ९ मिलिमीटरची, आपल्याकडची साडेनऊ. प्रत्येक ठिकाणी फरक एवढाच, की डोळ्याला दिसत नाही आणि हाताला जाणवतो. गंमत अशी, की याच फ्रान्सने चेन मात्र अर्ध्या इंचाची घेतली आणि बीबीतले छर्रे पाव इंचाचे. तिथे कुणाचंच दुमत नव्हतं.

आपल्या सायकली इंचात का राहिल्या हेही यातच कळतं. मद्रासजवळ टीआय सायकल्स १९४९ ची, सोनीपतची ॲटलस १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची. सगळा नमुना इंग्लिश सायकलीचा. देशाने मेट्रिक पद्धतीचा कायदा केला १९५६ मध्ये, पुढच्या वर्षी नवे पैसे आले, त्यानंतर किलो आले. दुकानातला तराजू बदलला, कापडाचा गज बदलला, सायकलीचा आटा तोच राहिला. फ्रान्सनेही १९८० च्या आसपास स्वतःचे आटे सोडून दिले. परदेशात माल विकायचा तर बाकीच्यांच्या मापाला यावंच लागतं. त्यामुळे आमच्या पुजोचं माप आता कुठल्याच कारखान्याचं नाही.

उलट्या आट्यांचं कारण मला एका पेन्सिलीने कळलं. मूठ सैल वळवायची, त्यात पेन्सिल उभी धरायची आणि तिचं वरचं टोक दुसऱ्या हाताने गोल फिरवायचं. पेन्सिल मुठीच्या आत स्वतःभोवती उलट्या दिशेने सरकते. पायडल मारताना कपाचंही तसंच होतं. थोडा सैल असेल तर तो आसाच्या उलट दिशेला हळूहळू फिरत राहतो. म्हणून इंग्लिश सायकलीत उजव्या कपाला उलटे आटे, म्हणजे तो सरकला तर आवळला जाईल. फ्रेंचांनी दोन्ही बाजूंना सरळ आटे ठेवले. त्यामुळे फ्रेंच सायकलीचा उजवा कप सुटतो. प्रचंड ताकदीने आवळला नाही तर सुटतोच.

हे समजलं आणि मग मी त्या कपाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. रॉकेलने पुसल्यावर कपाच्या कडेला तीन ठिपके दिसले. पंच मारून कपाचं आणि नळीचं लोखंड एकमेकांत दाबलेलं. तिन्ही ठिपके सारख्या अंतरावर. मी दोरा लावून मोजलं, एका मिलिमीटरचाही फरक नव्हता. मामाला फोन केला.

"हो, मीच मारलेत. खंडाळ्याच्या चढावर तो दर खेपेला सुटायचा. खिशात पाना घेऊन किती दिवस फिरणार?"

"अंतर कसं मोजलंस?"

"मोजलं कशाला? तिसरा कुठे मारायचा ते दिसतंच की."

कप काढायचा होता कारण आतली छर्ऱ्यांची वाट खराब झाली होती. बोट फिरवलं की बारीक खड्डे लागायचे. आस फिरवला की नळीत कुणी वाळू चघळतंय असा आवाज. नवा कप हवाच होता, आणि आधी जुना निघायला हवा होता.

तीन ठिपके मी त्रिकोणी कानशीने घासले. एका ठिपक्याला वीस मिनिटं. दोन दिवस रॉकेल आणि तेल मुरवलं. कड सोललेली होती, त्यामुळे पाना बसायला जागा उरली नव्हती. इथे अमेरिकेतला शेल्डन ब्राऊन उपयोगी पडला. हा बॉस्टनजवळच्या एका दुकानातला मेकॅनिक, २००८ मध्ये गेला. जगातल्या सायकलींचे आटे, टायर, रिम यांची मापं त्याने आयुष्यभर जमवली आणि सगळ्यांसाठी मोकळी ठेवली. त्याची एक युक्ती आहे. जाड बोल्ट कपातून आरपार घालायचा, दोन्ही बाजूंना वायसर, नट इतका आवळायचा की बोल्ट आणि कप एकजीव होतील, मग बोल्टलाच पाना लावायचा. इंग्लिश कपाला हे सोपं, कारण खोलायची आणि नट आवळायची दिशा एकच. आमचा कप उलट फिरवायचा होता, म्हणजे कप सुटण्याआधी नटच सुटणार. त्यासाठी एकावर एक दोन नट घालून एकमेकांवर जाम करावे लागतात. पहिल्या दोन वेळा ते घसरले. तिसऱ्या वेळी मी नट शेजारच्या मुलाकडून आवळून घेतले आणि पान्यावर दोन्ही पायांनी उभी राहिले. आवाज काहीच झाला नाही. पाना फक्त लोण्यात सुरी जावी तसा खाली गेला. मला वाटलं पुन्हा निसटला. खाली बघते तर कप पाव फेरा फिरलेला.

असा आनंद मला परीक्षेच्या निकालानेही कधी झाला नव्हता.

नवा कप शोधायला मी आधी जुन्या बाजारात गेले. रविवारी आणि बुधवारी भरतो तो. ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, पितळी कड्या, रेडिओ, कुलपं आणि एका कोपऱ्यात पोतंभर सायकलचे कप. मी व्हर्नियर घेऊन उकिडवी बसले आणि एकेक मोजायला लागले. ३४.८. ३४.८. ३४.७. झिजलेला. ३४.८. विकणारा आधी दुर्लक्ष करत होता, मग स्वतःच पोत्यातून काढून पुढे करायला लागला. साठेक कप मोजले असतील. एकही पस्तीसचा नाही. उठताना तो म्हणाला, "ताई, तुमचं माप लिहून द्या, आलं तर ठेवतो." त्याने चिठ्ठी पाकिटात, देवाच्या फोटोमागे ठेवली.

मग फ्रान्समधल्या एका विक्रेत्याकडून जोडी मागवली. पाच आठवडे, वर कस्टमचा भार. कप सुंदर होते, तेलकट कागदात गुंडाळलेले, दोन्हींवर स्पष्ट कोरलेलं ३५ बाय १. डावा सरळ आत गेला. उजवा एक आटाही पकडेना. मी तो हातात घेऊन खिडकीपाशी गेले. प्रकाशात आट्यांचा उतार डावीकडे जात होता. स्विस कप. आकडा तोच, दिशा उलटी, आणि दिशा कुणी कोरत नाही. विक्रेत्याने फ्रेंच म्हणून विकला होता. त्याला कळवलं, उत्तर आलं नाही. अर्धे पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त या गोष्टीचं, की ज्याच्या गावची वस्तू आहे त्यानेही ती उलटून बघितली नव्हती.

तो उजवा कप घेऊन मी मामाकडे गेले. भाड्याच्या घरात, गॅलरीत बसला होता. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. कप त्याने हातात घेतला, पाहिला नाही. अंगठ्याचं नख आट्यांवरून फिरवलं, हळूच, वीणेची तार तपासावी तसं. "वन एमएम. लेफ्ट हँड." जुना कप दिला. पुन्हा नख. "हा राइट." हात थरथरत होता आणि नख थरथरत नव्हतं.

"मिळत नाही कुठे," मी म्हटलं.

"मिळत नाही म्हणजे? माप आहे ना? मग करून घे. भोसरीत जा."

इतके दिवस मी एक वस्तू शोधत होते. मामाच्या लेखी तशी वस्तू नव्हतीच. व्यास, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दिशा, आतल्या वाटेची गोलाई, एवढंच होतं, आणि ते कळलं की लोखंड कुठेही मिळतं. त्याने आयुष्यभर असंच काम केलं. ड्रॉइंग यायचं, वस्तू जायची, ती कुठल्या यंत्रात बसते हे अनेकदा त्याला कळायचंही नाही.

भोसरीच्या एमआयडीसीत, मोठ्या शेडच्या मागे, दोन लेथ आणि एक ड्रिल असलेलं छोटं वर्कशॉप. मालक स्वतःच टर्नर, पन्नाशीचा. मी आधी घाबरत सांगितलं, की फ्रेंच आटे आहेत, फार दुर्मिळ आहेत. त्याने कप घेतला, पिच गेजची पाती उघडली, एक पातं आट्यांवर टेकवून उजेडात धरलं. फट नाही. "वन एमएमच आहे की. रोजचं काम आहे. तुम्ही इंचाचे चोवीस सांगितले असते तर विचार केला असता." ज्या मापासाठी मी तीन महिने पुणं आणि अर्धं जग पालथं घातलं, ते इथल्या लेथवर रोज पडतं. सायकलच्या दुकानात परकं असलेलं माप कारखान्यात घरचं होतं.

अडचण दुसरीकडे होती. कपाच्या आतली वाट कडक हवी, नाहीतर छर्रे महिन्याभरात पुन्हा खड्डे पाडतील. "एन-३१ मध्ये करू," तो म्हणाला. बेअरिंगचं पोलाद. "आधी मऊ असताना आटे पाडायचे, मग हार्डनिंगला द्यायचं. तापवून तेलात बुडवल्यावर थोडं वाकतं, त्याला मार्जिन ठेवतो." जुना कप त्याने परत दिला आणि सांगितलं, "टाकू नका. कडेला तीन खाचा पाडा आणि नळीत फिरवा. आटे साफ करायचा टॅप तयार." तेहतीस वर्षांचा गंज त्या खाचांतून काळ्या भुश्यासारखा बाहेर आला.

मी थांबून काम बघितलं. सळई घोटत गेली, निळसर कुरळे काढत. आटे पाडताना त्याने लेथचा वेग अगदी कमी केला. हत्यार एकदा पुढे जायचं, मागे यायचं, केसाएवढं आत घ्यायचं, पुन्हा पुढे. पहिल्या फेरीला फक्त एक पुसट रेघ दिसली, शिंपल्यावर असते तशी. सातव्या-आठव्या फेरीला तिच्या कडा चमकायला लागल्या. दर दोन फेऱ्यांनी तो स्विस जोडीतला डावा कप शेजारी धरून बघत होता, कारण त्याची दिशा आपल्याला हवी ती होती. म्हणजे ती जोडी अगदीच वाया गेली नाही. आठ दिवसांनी हार्डनिंग होऊन कप आला, काळपट, आत आरशासारखा घासलेला. एक हजार आठशे रुपये, हार्डनिंगचे तीनशे वेगळे. चार कॉटर पिन त्याने साडेनऊवरून नऊवर उतरवून दिल्या, त्याचे पैसे घेतले नाहीत.

बाकीचं भराभर झालं. टायरचा प्रश्न, ज्याने सायकल भिंतीला टांगली, तो आता प्रश्नच नव्हता. ७०० सीचे, म्हणजे ६२२ कडेचेच, टायर हायब्रिड सायकलींमुळे कुठल्याही मोठ्या दुकानात टांगलेले असतात, जोडी घेतली तरी दोन हजारांच्या आत. मामाला हे खरंच वाटेना, त्याने टायर मांडीवर घेऊन कडेवरचा ६२२ आकडा दोनदा वाचून घेतला. मागच्या चाकाचा आउट काढून घेतला, तीन तारा बदलल्या. फ्रीव्हील उघडलंच नाही, रॉकेलमध्ये बुडवून, पुसून, तेल सोडलं आणि ते पुन्हा टिकटिक करायला लागलं. ब्रेक माफाकचे, क्लेरमाँ-फेराँचे, मधल्या तारेने दोन्ही हात ओढणारे. ते ओरडतात. रबर घासून तिरपं केलं तरी ओरडतात, फक्त जरा खालच्या पट्टीत. पायडलसाठी क्रँकला मामाने १९८३ मध्येच ९/१६ चा टॅप मारून ठेवला होता. रंगाला मी हात लावला नाही. साबणाचं पाणी, मेण, बस.

एका गोष्टीवर मात्र माझं आणि मामाचं वाजलं. पुढचा गिअर बदलणारा जो चिमटा असतो, तो सीटखालच्या नळीला एका पट्ट्याने बांधलेला असतो. हे भाग सिम्प्लेक्सचे. दिजाँमध्ये ल्युसियाँ ज्युई या माणसाने उभी केलेली कंपनी, गिअरच्या इतिहासातलं मोठं नाव. साठच्या दशकात त्यांनी धातूऐवजी डेलरिन नावाचं प्लॅस्टिक वापरायला सुरुवात केली. हलकं, गंजत नाही, तेल लागत नाही. सगळं खरं. पण वर्षं गेली की ते ठिसूळ होतं. आमच्या पुजोचा पट्टा केव्हाच तुटला होता आणि त्या जागी मामाने पितळेचा बनवून घातला होता. जाड, पिवळा, कानशीच्या खुणा अंगावर असलेला. मला सायकल कारखान्यातून निघाली तशी हवी होती. महिनाभर शोधून मी मूळ काळा पट्टा मिळवला, न वापरलेला, डबीत बंद.

"तो तुटेल," मामा म्हणाला.

"नवा आहे मामा. डबी पण उघडलेली नाही."

"डबीत काय वय थांबतं?"

पट्टा नळीवर बसवला, स्क्रू घेतला. अर्धा फेरा. एक फेरा. दीड फेऱ्याला टिचकी मारल्यासारखा आवाज आला. पट्ट्याला स्क्रूच्या भोकापासून कडेपर्यंत केसासारखी चीर गेली होती. मी हात काढून घेतला आणि चीर आपोआप थोडी रुंद झाली. पन्नास वर्षं अंधारात, कुणीही हात न लावता ते प्लॅस्टिक म्हातारं होत होतं.

पितळी पट्टा मी पॉलिश केला नाही. आतल्या बाजूला, नळीला टेकतो तिथे, मामाने ट्यूबच्या रबराचा पातळ तुकडा चिकटवला होता, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून. तो वाळून गळून गेला होता. त्याच मापाचा नवा कापला, नव्या सायकलच्या जुन्या ट्यूबमधून, आणि लावला. पट्टा दुसऱ्या फेऱ्याला घट्ट बसला.

शेवटचं काम मी मामाकडे नेऊन केलं. सायकल उलटी करून गॅलरीत ठेवली. दोन्ही कपांत ग्रीस भरलं, एकेका बाजूला अकरा छर्रे, बोटाने दाबून बसवले. नवा उजवा कप आधीच आवळून आणला होता, भोसरीतल्या त्याच माणसाने, मीटरभर लांब दांड्याने. आस घातला, डावा कप हाताने फिरवत आणला, कप जागी धरून ठेवणारी बाहेरची चकती आवळली. खेळ अजिबात नको म्हणून मी तो अगदी घट्ट टेकवला होता. कॉटर पिन ठोकल्या. क्रँक फिरवला. छान फिरला, आवाज नाही. मला वाटलं झालं.

मामा खुर्चीतून उठला, खाली बसला, त्याला वेळ लागला. मग डोकं कलतं करून कान बीबीच्या नळीजवळ आणला आणि क्रँक एका बोटाने ढकलला. एक फेरा. पुन्हा एक. शाळेतून आलेल्या मुलांचा जिन्यात गोंगाट चालला होता, तो थांबेपर्यंत त्याने वाट पाहिली आणि तिसऱ्यांदा ढकलला.

"डावा पाव आटा ढिला कर."

मी चकती सोडली, कप केसभर मागे घेतला, पुन्हा चकती धरली. आस हलवून पाहिला, खेळ नव्हता.

मामाने क्रँक आडवा धरला आणि सोडून दिला. पायडल स्वतःच्या वजनाने खाली आलं, पलीकडे वर गेलं, थबकलं, परत आलं. देवळातली घंटा वाजवून झाल्यावर लोलक हलत राहतो तसं, दर खेपेला थोडं कमी, थोडं कमी. आम्ही दोघं बघत होतो. ते पूर्ण थांबायच्या आधीच मामाने हात पुसायला फडकं मागितलं.

"चेन चढव आता," तो म्हणाला.